एकटीनं मुंब्रा ते अंजुमन

(पांढरी काठी दिनाच्या निमित्तानं मुंब्र्यात झालेल्या पालक आणि विद्यार्थिनींच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मला असा दिला आहे : दृष्टिहीनांचा सार्वजनिक वाहनांतून प्रवास. या विषयावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यात जिद्द असते, हिंमत असते, शेवटी टाळ्या असतात. टाळ्या वाजवून लोक घरी जातात आणि मुलगी घरातच राहते. म्हणून मी हिंमतीवर बोलणार नाही. हिंमत लागते, पण थोडी लागते. जास्त लागते ती आखणी. आखणी शिकता येते, शिकवता येते, आणि ती चुकली तर दुरुस्तही करता येते.

मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. नोकरीसाठी मी रोज लोकलनं जाते-येते. त्यामुळे जे सांगणार आहे ते रोजच्या कामाचं आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, या सभागृहातल्या एका मुलीला सीएसएमटीसमोरच्या अंजुमन-ए-इस्लामच्या आवारातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ती अंध आहे. घरात पहिला प्रश्न कोणता येतो? फी किती, हा नाही. पुस्तकं कशी वाचणार, हाही नाही. पहिला प्रश्न : नेणार कोण आणि आणणार कोण? भाऊ कामावर, अब्बू दुकानात, अम्मीला घर. मग ठरतं की घरूनच काहीतरी कोर्स करावा. त्या मुलीचं शिक्षण तिच्या डोळ्यांमुळे थांबलं असं आपण म्हणतो. खरं तर ते मुंब्रा ते सीएसएमटी या प्रवासापाशी थांबलं. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांवर लोक मोजले गेले. त्यातले किती जण अशाच एखाद्या प्रवासापाशी थांबले, याची मोजणी कोणी केलेली नाही.

आता हा प्रवास आखू या.

दिसणारा माणूस चालताना सारखा वाचत असतो. पाटी वाचतो, बसचा नंबर वाचतो, इंडिकेटर वाचतो, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरासुद्धा वाचतो. आपण वाचतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. आम्हाला यातली प्रत्येक गोष्ट आधी माहीत असावी लागते, नाहीतर त्या क्षणी कानाला, पायाला किंवा काठीला कळावी लागते. प्रवास आखायचा म्हणजे घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत कुठं काय माहीत असायला हवं आणि ते कशातून कळणार, हे ठरवायचं. मधली एक कडी निसटली की बाकीच्या कड्या कितीही चांगल्या असोत, प्रवास तिथंच अडतो. लोकलमध्ये छान घोषणा होते, पण घरापासून स्टेशनपर्यंत जाताच येत नसेल तर ती घोषणा ऐकणार कोण?

पहिला नियम : जवळचा रस्ता निवडू नका, कमी निर्णयांचा निवडा. दिसणारा माणूस दोन गल्ल्या वाचवायला मधल्या बोळातून जातो. आम्ही लांबून गेलो तरी चालेल, पण वळणं कमी हवीत, रस्ता ओलांडणं कमी हवं, गाडी बदलणं कमी हवं. या हिशेबानं मुंब्रा ते सीएसएमटी हा प्रवास वाटतो तेवढा अवघड नाही. एकच गाडी. आणि सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. उतरायचं स्टेशन निघून गेलं तर काय, ही भीतीच नाही, कारण गाडी पुढं जातच नाही. तिथं लोकलचे प्लॅटफॉर्म टोकाला संपतात, त्यामुळे बाहेर यायला पूल चढावा लागत नाही. सरळ चालत राहिलं की माणूस मोठ्या हॉलमध्ये येतो. मधल्या एखाद्या स्टेशनवर उतरून दुसऱ्या लाइनवर जायचं असतं तर मी याच मुलीला सांगितलं असतं, आणखी दोन महिने सराव कर.

मात्र जाताना गाडी सीएसएमटीचीच हवी. काही स्लो गाड्या दादरला किंवा कुर्ल्यालाच संपतात. येताना उलटा घोळ होतो. ठाणे लोकल ठाण्यालाच संपते आणि मुंब्रा ठाण्याच्या पुढं आहे, म्हणून ठाण्याच्या पुढं जाणारी आणि मुंब्र्याला थांबणारी गाडी धरायची. एम-इंडिकेटरसारखं ॲप फोनच्या टॉकबॅकवर ऐकता येतं. रात्री झोपण्याआधी दोन गाड्या बघून ठेवायच्या, एक जायची आणि एक ती चुकली तर. सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून ॲप उघडायचं नाही. तिथं कान घोषणेसाठी मोकळे हवेत.

वेळही आखणीचाच भाग आहे. सकाळी साडेआठचं मुंब्रा आणि साडेसहाचं मुंब्रा ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. पहिला महिनाभर पहाटेची गाडी घ्या, कॉलेजात तासभर आधी पोचा आणि लायब्ररीत बसा. ज्यांना थोडं दिसतं त्यांनी संध्याकाळचाही विचार करावा. दुपारी चारला जो रस्ता दिसतो, तो सातला दिसत नाही. अशा मुलीला घरचे म्हणतात, हिला दिसतं की, काठी कशाला? काठी सातनंतरसाठी. आणि ती काठी समोरच्या रिक्षावाल्यासाठीही आहे. त्याला कळायला नको का?

सगळ्यात अवघड तुकडा कोणता, असं विचाराल तर घर ते स्टेशन. रेल्वेवर आपण भाषणं करतो, पण ही कडी आपल्याच मोहल्ल्याची आहे. फूटपाथवर दुकानाचं सामान, सामानापुढं लावलेली बाइक, बाइकपुढं गटाराचं अर्धं झाकण. काठी जमिनीवरचं सांगते. डोक्याच्या उंचीवरचं सांगत नाही. दुकानाच्या शेडचा लोखंडी कोपरा, टेम्पोचं उघडं फाळकं, खिडकीबाहेर काढलेली ग्रिल हे काठीला लागत नाही, ते कपाळालाच लागतं. आणि मोहल्ला रोज बदलतो. जुम्याच्या दुपारी बदलतो, पावसाळ्यात बदलतो, रमजानच्या संध्याकाळी तर पुरता बदलतो. अकरा महिने जिथं मोकळी भिंत होती तिथं फळांच्या गाड्या आणि भज्यांच्या कढया येतात. दिसणाऱ्याला ती रौनक आहे. अंध माणसाला ते न सांगता दुसऱ्याच गावात आणून सोडल्यासारखं आहे, आणि त्या गावात उकळतं तेलही आहे. गाड्या लावू नका असं मी म्हणत नाही, इफ्तारीला मलाही भजी लागतात. गाड्या कुठल्या बाजूला लागणार हे आधी ठरवा, आम्हाला सांगा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा.

हा तुकडा शिकायचा कसा? पहिल्यांदा कोणीतरी दिसणारं सोबत घ्यावं, पण त्यानं हात धरून ओढायचं नाही. अंध माणसानं त्याचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागं चालायचं. त्यानं बोलत राहायचं : डावीकडे बेकरी, आता उतार, इथं गटाराची जाळी. बरेच जण पावलं मोजायला सांगतात. मी सांगत नाही. गर्दीत कोणी धक्का दिला, मध्ये हातगाडी आली की मोजणी बिघडते आणि माणूस घाबरतो. त्यापेक्षा खुणा धराव्या. पिठाच्या गिरणीचा आवाज. बेकरीचा वास, पण तो सकाळी असतो, दुपारी नसतो, हेही लक्षात ठेवायचं. पायाखाली डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात ती जागा. दोन इमारतींमधून अचानक वारा लागतो ती फट. अजान तर आमच्यासाठी दिशा आहे. भोंग्यांच्या वादात मी पडत नाही, पण मशीद कुठल्या हाताला आहे हे कळलं की मी कुठं उभी आहे तेही कळतं. वाटेचे असे पाचसहा तुकडे करून एकेक पक्का करायचा. मग सोबतच्यानं दहा पावलं मागं राहून गप्प चालायचं. अम्मींना हाच दिवस सगळ्यात जड जातो. मुलगी खांबाकडे जाताना दिसते आणि ओरडायचं नसतं. काठी खांबाला लागते, मुलगी वळते. तिनं हे स्वतः केलं पाहिजे.

प्लॅटफॉर्मवर आता बऱ्याच ठिकाणी पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा दिसतात. कित्येकांना ती सजावट वाटते. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या गृहस्थांनी १९६५ साली त्या तयार केल्या, आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे चला. गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढं कड आहे, जिना आहे किंवा वळण आहे. पायाची ही लिपी सगळ्या जगात चालते. त्या ठिपक्यांवर आपण पिशवी ठेवून उभे राहतो तेव्हा कोणाची तरी थांबण्याची सूचना झाकतो. मुलींनी ठिपके पायाला लागले की तिथंच थांबायचं, गाडी पूर्ण थांबेपर्यंत पुढं जायचं नाही.

मुंबईच्या बऱ्याच लोकल स्थानकांवर दिव्यांग डबा जिथं येतो तिथं बीप वाजणारं यंत्र लावलेलं असतं. आवाज ऐकून तिथं उभं राहायचं. पण हा डबा स्त्रीपुरुष सगळ्यांचा आहे, आणि गर्दीच्या वेळी त्यात धडधाकट माणसंही घुसतात. म्हणून पुष्कळ अंध मुली लेडीज डबा पसंत करतात. मी दोन्ही वापरते, पण नव्या मुलीला लेडीज डबा सांगते. तिथं आठ दिवसांत ओळखी होतात. कोणीतरी ‘आज उशीर झाला का गं?’ असं विचारू लागतं आणि तुमच्या नकळत तुमचा एक ग्रुप तयार होतो. मुलगी एक दिवस दिसली नाही तर चौकशी करणारी चार माणसं असणं, यापेक्षा मोठी सुरक्षितता मला माहीत नाही.

मुलींसाठी आणखी दोन गोष्टी. हिजाब घालायचा की नाही हे तिनं ठरवावं. पण कानावर जाड कापडाचे दोन थर असतील तर आवाज कुठून येतो हे नीट कळत नाही. कानावर पातळ सुती कापड असू द्या, आणि बुरख्याची कड जिन्यावर पायात येणार नाही इतकी वर असू द्या. हेडफोन दोन्ही कानांत कधीच नको. दुसरी गोष्ट मदतीची. मदतीच्या नावाखाली कोणी दंडाला, कमरेला धरतं. आम्ही मुलींना एक वाक्य पाठ करून घेतो : ‘थांबा, मी तुमचं कोपर धरते.’ मोठ्यानं म्हणायचं. चांगला माणूस लगेच कोपर पुढं करतो. दुसरा निघून जातो.

मदत मागण्याचीही पद्धत आहे. बसस्टॉपवर ‘ही अमुक नंबरची बस ना?’ असं विचारलं की घाईतला माणूस ‘हो हो’ म्हणून टाकतो. ‘ही कितव्या नंबरची बस?’ असं विचारा. मग त्याला वाचावंच लागतं. उत्तर नीट ऐकू आलं नाही तर चढल्यावर कंडक्टरला पुन्हा तोच प्रश्न.

बसचा विषय निघालाच आहे तर सांगते, बस आमच्यासाठी लोकलपेक्षा अवघड आहे. लोकल रुळावरून येते आणि ठरलेल्या जागी थांबते. बस स्टॉपच्या पुढं थांबते, मागं थांबते, तीन बस एकामागून एक लागतात, आणि नंबर असतो तो काचेवर. इलेक्ट्रिक बस आल्यापासून इंजिनाचा आवाजही गेला. हवेसाठी ते चांगलंच झालं, पण बस आली हेच आता उशिरा कळतं. दिल्लीच्या आयआयटीत यावर ‘ऑनबोर्ड’ नावाचं यंत्र तयार झालं. प्रवाशानं हातातलं बटण दाबलं की जवळ आलेल्या बसमधला स्पीकर तिचा नंबर बोलतो, आणि त्या आवाजाच्या दिशेनं दार सापडतं. म्हणजे उत्तर नाही असं नाही. उत्तर शोधून झालं आहे, ते प्रत्येक बसमध्ये यायचं आहे.

इथं कोणीतरी नक्की मनात म्हणत असेल की एवढा खटाटोप कशाला, समाजानं अंधांना जकात द्यावी, घरी महिना पोचवावा, सवाब मिळेल. याचं उत्तर मी आपल्याच परंपरेतून देते. अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध सहाबी. सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती त्यांच्याच प्रसंगावर आहेत, हे इथं बहुतेकांना माहीत आहे. मला त्याहून वेगळी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मदीनेत पहाटेच्या दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल देत, आणि फज्रची वेळ झाल्याची अजान इब्न उम्म मक्तूम देत. रोजा धरणाऱ्यांचं खाणंपिणं त्यांच्या अजानवर थांबे. आता पहाट झाली हे अंध माणसाला दिसणार कसं? हदीसमध्ये येतं की लोक त्यांना पहाट झाल्याचं सांगत आणि मग ते अजान देत. बघा, त्यांना घरी बसवून धान्य पोचवलं नाही. वेळेची जबाबदारी त्यांच्याकडे दिली, आणि जी माहिती डोळ्यांनी मिळते ती त्यांना तोंडी पोचेल अशी व्यवस्था लोकांनी केली. स्टेशनवरची घोषणा म्हणजे दुसरं काय आहे? माहिती ठरलेल्या वेळी पोचवणं ही व्यवस्था झाली. तिला खैरात म्हणू नका.

ही व्यवस्था आता कायद्यानंही द्यायची आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, वाहनं सगळ्यांबद्दल बोलतं. पण त्याखालच्या नियमांमध्ये बरंचसं मार्गदर्शक सूचना म्हणून ठेवलं होतं, म्हणजे केलं तर ठीक. राजीव रातुरी यांना स्वतःला दृष्टिदोष आहे. त्यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ला न्यायालयानं सांगितलं की कायदा बंधनकारक असताना त्याचा नियम नुसती शिफारस करणारा असू शकत नाही. नियम १५चा तो भाग रद्द ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत करायला सरकारला सांगितलं. याचिका केली तेव्हा जन्मलेलं मूल निकाल लागला तेव्हा कॉलेजात होतं. तरीही निकाल आपल्या हातात आहे. अर्ज लिहिताना ‘कृपया सोय करावी’ असं लिहू नका. कायद्याचं कलम लिहा, जागा लिहा, तिथं काय नाही ते लिहा. मला दिव्यांग म्हणा, अंध म्हणा, नाबीना म्हणा, शब्दावर मी भांडत नाही. बसचा नंबर बोलत नाही यावर मात्र भांडेन.

सवलतीचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड काढून घ्या, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. रेल्वेचं सवलत प्रमाणपत्र वेगळं असतं, आणि अंधत्वाची रेल्वेची सवलत पूर्ण दृष्टी नसलेल्यांसाठी आहे, हे थोडं दिसणाऱ्यांच्या घरच्यांनी आधी समजून घ्यावं, म्हणजे खिडकीवर वाद होत नाहीत. पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप आहे, ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची हे बोलून सांगतं. सुट्टे पैसे मात्र वेगळ्या खिशात आधीच मोजून ठेवावे.

शेवटचा तुकडा राहिला, सीएसएमटी ते अंजुमन. १८७४ साली सुरू झालेली ही संस्था स्टेशनच्या अगदी समोर आहे, मध्ये फक्त रस्ता. पण तो रस्ता वरून ओलांडायचा विचार करू नका, भुयारातून जा. भुयारात आवाज घुमतो, बाहेर पडायचे जिने सारखे वाटतात, दुकानांचे पुकारे चारही बाजूंनी येतात. दिसणारे लोकही तिथून भलत्याच फूटपाथवर निघतात, तेव्हा आपण घाबरायचं कारण नाही. हा तुकडा रविवारी सकाळी, दुकानं बंद असताना, पाचसहा वेळा चालायचा. मग एकदा दुकानं उघडी असताना. भिंत एका हाताला धरून, कितव्या जिन्यानं वर यायचं ते पक्कं करायचं. वर आल्यावर काय ऐकू येतं तेही लक्षात ठेवायचं, म्हणजे चुकीच्या जिन्यानं आलो तर पहिल्या मिनिटातच कळेल.

कार्यकर्त्यांना दोन कामं सांगून थांबते. एक, मुंब्रा स्टेशनपासून आपल्या मोहल्ल्यातल्या शाळा, दवाखाना आणि मशिदीपर्यंतच्या वाटा चालून त्यांची तोंडी वर्णनं फोनवर रेकॉर्ड करा, मराठीत आणि उर्दूत. ‘समोर दिसेल’ हा शब्द वापरायचा नाही. किती जणांना ते जमतं बघा. दोन, मशीद कमिटीशी बोला. जुम्याला किंवा रमजानमध्ये कुठली गल्ली बंद राहणार, खोदकाम कुठं चाललंय, हे नमाजनंतरच्या घोषणेत एका वाक्यात सांगता येईल. इब्न उम्म मक्तूम यांना पहाट झाल्याचं सांगायलाही एकच वाक्य लागत असे.

ज्यांच्या मुलींना सराव करायचा आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला तिकीट खिडकीपाशी यावं. काठी नसेल तर माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत, उंची सांगून ठेवा. अम्मींनी यायला हरकत नाही, पण दहा पावलं मागं.